मूळ आकाराच्या प्रतिकृतींसाठी मिडियम फॉरमॅट: ४४×३३ की ५४×४०, आणि ५० की १०० मेगापिक्सेल?

पंचगंगाकाठ

सप्रेम नमस्कार. जुनी तैलचित्रे, जलरंगातील व्यक्तिचित्रे आणि खासगी संग्रहांतील पोथ्या यांची छायाचित्रे काढून देण्याचे काम मी करतो. आजवर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ते भागत होते. आता मात्र एका संग्राहकांना त्यांच्याकडील चित्रांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती छापून हव्या आहेत, आणि ४ फूट × ३ फूट मापाच्या चित्रावर माझ्या कॅमेऱ्याचे पिक्सेल पसरले की इंचाला जेमतेम १११ वाट्याला येतात. त्यामुळे मिडियम फॉरमॅटकडे, म्हणजे फुल फ्रेमहून मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे, वळावे असे मनात आहे.

चौकशी सुरू केल्यावर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. एका विक्रेत्यांचे म्हणणे असे की सेन्सर मोठा असला की चित्र आपोआप उत्तम येते, मेगापिक्सेलचा आकडा गौण आहे. दुसऱ्यांनी सांगितले की ५० आणि १०० यांत सरळ दुपटीचा फरक आहे, तेव्हा डोळे झाकून १०० घ्यावा. माझ्यापुढे सध्या चार वाटा आहेत: ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, ४४×३३ मिलिमीटर सेन्सरचा ५१ मेगापिक्सेलचा वापरलेला कॅमेरा, त्याच मापाचा १०२ मेगापिक्सेलचा, किंवा ५४×४० मिलिमीटरची एखादी डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या पाठीमागे बसवायचा सेन्सरचा सुटा भाग), जी नवी घेणे आवाक्याबाहेरचे असले तरी भाड्याने मिळू शकते. यांतला सेन्सरच्या आकाराचा फायदा कोणता आणि पिक्सेलच्या संख्येचा कोणता, हे वेगवेगळे करून कोणी सांगेल काय? शक्य असल्यास आकड्यांनिशी सांगावे ही विनंती.

अर्धास्टॉप

प्रथम मापे पक्की करून घेऊ, कारण 'मिडियम फॉरमॅट' या एकाच नावाखाली दोन बरेच वेगळे सेन्सर विकले जातात. फुल फ्रेम ३६×२४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका, हॅसलब्लाडची एक्स मालिका आणि पेंटॅक्सचे ६४५डी व ६४५झेड यांचा सेन्सर ढोबळमानाने ४४×३३, म्हणजे सुमारे १४४० चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमच्या पावणेदोन पटींपेक्षा किंचित कमी. फेज वनच्या मोठ्या बॅक आणि हॅसलब्लाडचा एच६डी-१००सी यांचा सेन्सर ५३.४×४०, म्हणजे २१३६ चौरस मिलिमीटर. फुल फ्रेमच्या जवळजवळ अडीच पट. फिल्मच्या काळातील ६४५ ची चौकट प्रत्यक्षात ५६×४१.५ मिलिमीटर असे, म्हणून फक्त या दुसऱ्या सेन्सरलाच जुन्या अर्थाने मिडियम फॉरमॅट म्हणता येईल. ४४×३३ चे क्षेत्रफळ त्या चौकटीच्या ६२ टक्के भरते. हे मी हिणवण्यासाठी लिहीत नाही, पण जाहिरातीत दोन्ही एकाच पंक्तीला बसवले जातात आणि ग्राहकाची फसगत तिथूनच सुरू होते.

आता पिक्सेल. २०१८ ते २०२२ या काळात आलेले पाच कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून पाहा: २६ मेगापिक्सेलचा फुजीफिल्म एक्स-टी३, ६१ मेगापिक्सेलचा सोनी ए७आर ४, १०२ मेगापिक्सेलचे जीएफएक्स १०० आणि हॅसलब्लाड एक्स२डी, आणि १५१ मेगापिक्सेलची फेज वन आयक्यू४ बॅक. या सर्वांत एका पिक्सेलची रुंदी ३.७६ मायक्रॉन आहे. एकाच ताग्यातून कोणी रुमाल फाडावा, कोणी उपरणे, कोणी धोतर, तसा हा प्रकार आहे. पोत तोच, फरक कापडाच्या लांबीरुंदीचा. त्यामुळे या कुटुंबापुरते बोलायचे तर 'मोठ्या सेन्सरचे पिक्सेल मोठे आणि म्हणून अधिक स्वच्छ' हे विधान साफ चुकीचे ठरते. एकेक पिक्सेल १०० टक्के मोठा करून पाहिला तर ६१ मेगापिक्सेलच्या आणि १५१ मेगापिक्सेलच्या चित्रांत दाण्याचा फरक शोधून सापडणार नाही. मोठ्या सेन्सरचा लाभ तेव्हा दिसतो, जेव्हा दोन्ही चित्रे एकाच मापाच्या कागदावर छापली जातात, कारण मग मोठ्या सेन्सरचे अधिक पिक्सेल तेवढ्याच जागेत दाटतात. हा लाभ क्षेत्रफळाच्या प्रमाणात मोजता येतो: फुल फ्रेमवरून ४४×३३ वर गेल्यास पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), ५४×४० वर गेल्यास सव्वा स्टॉपच्या थोडा वर.

तुमच्या यादीतला ५१ मेगापिक्सेलचा सेन्सर मात्र या ताग्यातला नाही. तो जुन्या पिढीचा आहे. २०१४ च्या पेंटॅक्स ६४५झेडमध्ये, २०१६ च्या हॅसलब्लाड एक्स१डीमध्ये आणि २०१७ च्या जीएफएक्स ५०एसमध्ये याच वळणाचा सेन्सर होता. त्याच्या पिक्सेलची रुंदी ५.३ मायक्रॉन. इथे पिक्सेल खरोखरच मोठे आहेत, आणि त्याचा एक फायदा लेन्सच्या बाजूने मिळतो: ३.७६ मायक्रॉनचा पुरेपूर उपयोग करायचा तर लेन्सने मिलिमीटरला १३३ रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगळ्या दाखवायला हव्यात, तर ५.३ मायक्रॉनला ९४ पुरतात. साधारण लेन्सवरही ५१ मेगापिक्सेलचे चित्र कडक दिसते ते यामुळे.

पोथीशाळा

वरील विवेचन योग्यच आहे, पण प्रश्न प्रतिकृतीचा असल्यामुळे मी उलट्या टोकाने सुरुवात करेन. आधी समोरच्या वस्तूचे माप घ्यावे आणि मग कॅमेऱ्याकडे वळावे.

आपले चित्र ४८×३६ इंचांचे आहे, म्हणजे बाजूंचे प्रमाण ४:३. मिडियम फॉरमॅटचे सेन्सरही ४:३ असल्यामुळे चित्र चौकटीत नेमके बसते. ५१ मेगापिक्सेलची प्रतिमा ८२५६×६१९२ पिक्सेलची असते, त्यामुळे इंचाला १७२ पिक्सेल मिळतात. १०२ मेगापिक्सेलची ११६४८×८७३६, म्हणजे इंचाला सुमारे २४३. आयक्यू४ ची १४२०४×१०६५२, म्हणजे २९६. मूळ आकाराच्या छपाईसाठी रूढ असलेल्या ३०० च्या अगदी उंबरठ्यावर. आणि ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम? त्याची प्रतिमा ९५०४×६३३६, पण सेन्सर ३:२ असल्यामुळे चित्राची ३६ इंचांची बाजू ६३३६ पिक्सेलांत बसवावी लागते, आणि डावीउजवीकडे हजारभर पिक्सेल भिंतीवर वाया जातात. हाती येतात इंचाला १७६. म्हणजे अशा चित्रासाठी ६१ आणि ५१ हे दोन कॅमेरे व्यवहारात सारखेच.

पोथीच्या बाबतीत हिशेब फिरतो. पोथीचे पान आडवे आणि अरुंद, समजा १२×५ इंच. इथे लांबीकडची बाजूच निर्णायक असते. ५१ मेगापिक्सेल इंचाला ६८८ देतो, ६१ मेगापिक्सेल ७९२ आणि १०२ मेगापिक्सेल ९७०. तीनही पुरेसे आहेत, आणि पहिल्या दोघांत फुल फ्रेम सरस ठरतो, कारण लांबट पानाला लांबट सेन्सर मानवतो. ए३ मापाच्या नकाशाला ६०० पिक्सेल प्रति इंच हवे असतील तर मात्र ९९२१×७०१६ पिक्सेल लागतात. ती पायरी १०२ मेगापिक्सेल सहज ओलांडतो, आणि ६१ व ५१ दोघेही अलीकडेच थांबतात.

'दुप्पट' या शब्दाविषयी एक सूचना. ५१ वरून १०२ वर गेल्याने पिक्सेलची संख्या दुप्पट होते, पण प्रतिकृतीतील रेघ किती बारीक दिसेल हे संख्येच्या वर्गमुळावर ठरते. म्हणजे प्रत्यक्ष वाढ ४१ टक्क्यांची. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या १११ वरून २४३ वर जाणे ही मोठी झेप आहे. १७२ वरून २४३ ही मध्यम.

पंचगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीवर वाया जाणाऱ्या पिक्सेलांचा हिशेब कोणत्याही विक्रेत्याने मांडला नव्हता.

दोन शंका उरतात. पोथ्यांची पाने क्वचितच सपाट असतात. कडा उचललेल्या आणि मध्ये लाटा. त्यांवर काच दाबायला बहुतेक मालक तयार नसतात, आणि ते रास्तही आहे. मोठ्या सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ती, कमी मिळते असे ऐकतो. ती किती कमी? दुसरी शंका रंगांची. जुन्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या बॅकचे रंग आजच्या सीमॉस प्रकारच्या सेन्सरपेक्षा अधिक खरे असतात असे अनेक ज्येष्ठ छायाचित्रकार ठामपणे सांगतात. त्यात तथ्य आहे काय?

अर्धास्टॉप

खोलीचा हिशेब सूत्राने करता येतो. १२ इंची पान पूर्ण चौकटभर घेतले, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवले आणि दोन पिक्सेलपर्यंतची अस्पष्टता चालवून घेतली, तर ३.७६ मायक्रॉनच्या कुटुंबात फुल फ्रेमवर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास खोली मिळते, ४४×३३ वर साडेसहा आणि ५४×४० वर साडेचार. पानाची लाट सात-आठ मिलिमीटरची असेल तर सर्वांत महाग बॅकवरच अक्षरांच्या कडा सर्वांत आधी ढासळतील. ॲपर्चर आणखी बंद करावे म्हटले तर विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे, आडवे येते. हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाची तबकडी एफ/८ ला १०.७ मायक्रॉनची असते, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल, आणि तेवढे खपून जाते. एफ/१६ ला ती २१.५ मायक्रॉनची होते आणि पावणेसहा पिक्सेल व्यापते. त्या ठिकाणी १०२ मेगापिक्सेलमधून ५१ च्या तुलनेत फारसे काही अधिक पदरात पडत नाही. फाइल तेवढी दुप्पट मोठी मिळते. म्हणून लाटा असलेल्या पानांसाठी एफ/८ ते एफ/११ या पट्ट्यात राहावे, आणि तरीही न भागल्यास फोकस थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घेऊन ती जोडावीत. जीएफएक्समध्ये फोकस आपोआप सरकवण्याची सोय आहे.

चित्रांच्या बाबतीत ही काळजी नको. ४८ इंची चित्राला ४४×३३ वर, एफ/८ ला, त्याच निकषाने साडेनऊ सेंटिमीटर खोली मिळते. कॅनव्हास थोडा फुगलेला असला तरी बिघडत नाही.

प्रकाशाच्या लाभाविषयीही एक पुरवणी जोडतो. वर लिहिलेला पाऊण स्टॉप हा समान ॲपर्चर आणि समान शटर धरून आहे. कोणी खोली समान राखण्यासाठी ४४×३३ वर एफ/८ ऐवजी एफ/१० केले आणि शटर मात्र तेच ठेवले, तर तो लाभ जवळजवळ पूर्ण विरून जातो. आपले काम ट्रायपॉडवरचे आहे, वस्तू हलत नाही, शटर हवे तेवढे लांबवता येते. म्हणून मोठ्या सेन्सरची प्रकाश साठवण्याची जास्तीची क्षमता आपल्याला खरोखर वापरता येते. हातात कॅमेरा धरून लग्नसमारंभ टिपणाऱ्याला हे भाग्य नाही.

लाल दिवा

रंगांच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या स्टुडिओत फेज वनची पी६५+ ही २००८ ची सीसीडी बॅक अजून चालू आहे. ५३.९×४०.४ मिलिमीटर, ८९८४×६७३२ पिक्सेल, ६ मायक्रॉनचे पिक्सेल. ती मला प्रिय आहे हे आधीच सांगून टाकतो. पण तिचे रंग सीसीडीमुळे 'खरे' येतात असे मी म्हणणार नाही. प्रकाश पकडण्याच्या कामात सीसीडी आणि सीमॉस दोघेही रंगांध असतात. रंग ठरतो तो पिक्सेलवर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांनी आणि रॉ फाइल उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमधील प्रोफाइलने. प्रतिकृतीच्या कामात तर आपण रंगपट्टी ठेवून, ठरलेल्या दिव्यांखाली, स्वतःचे प्रोफाइल तयार करतो. तेव्हा कंपनीने दिलेल्या 'स्वभावा'चा प्रश्नच निकाली निघतो. त्या बॅकवर आजच्यासारखे लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दिसणारे दृश्य) नाही, सावल्या उजळू गेले की दाणा वर येतो, आणि फोकस तपासायला दर वेळी चित्र घेऊन पाहावे लागते. भाड्याने घेणार असाल तर सीसीडी टाळावी असेच सुचवेन. ५४×४० चे पहिले सीमॉस फेज वननेच जानेवारी २०१६ मध्ये १०० मेगापिक्सेलच्या बॅकमध्ये आणले. निदान त्या पिढीपासून पुढचे घ्यावे.

सेन्सरपेक्षा अधिक नुकसान कशाने होते तेही सांगतो: कॅमेरा आणि चित्र समांतर नसल्याने. इंचाला २४३ पिक्सेल विकत घ्यायचे आणि मग समलंब चौकोन सरळ करताना सॉफ्टवेअरने ते ताणायचे, यात पैसे पाण्यात जातात. उपाय स्वस्त आहे. चित्र लावण्याआधी ईझलच्या फळीवर, चौकटीचा मध्य येईल तिथे, लहान सपाट आरसा टेकवावा. पडद्यावर आरशातल्या स्वतःच्याच लेन्सवर फोकस करावा, आणि लेन्सचे काळे वर्तुळ चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉडचे डोके हलवत राहावे. वर्तुळ खाली दिसत असेल तर कॅमेरा वर झुकला आहे, डावीकडे असेल तर उजवीकडे वळला आहे. जमले की आरसा काढून चित्र लावावे. फळीची जाडी आणि फ्रेमची पाठ सारखी असेल तर स्पिरिट लेव्हलपेक्षा हे अधिक नेमके काम करते.

कॅनव्हासच्या विणीचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून तोही लिहून ठेवतो. यातल्या एकाही मिडियम फॉरमॅट सेन्सरवर बारीक नक्षी मुद्दाम किंचित पुसणारी गाळणी नसते. विणीचे धागे आणि पिक्सेलची ओळ यांचा मेळ जुळला की मॉयरेचे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. ५१ मेगापिक्सेलचा सेन्सर या बाबतीत अधिक खोडकर आहे. त्याचे चित्र कडक दिसते त्यामागे हेही एक कारण आहे. अशा वेळी कॅमेरा थोडा मागेपुढे करून पाहावा. पैठणीचा पदर टिपणाऱ्यांना हा त्रास पाठ असतो.

खर्चाचा विचार

चर्चा वाचून एक पर्याय राहून गेल्यासारखा वाटला. स्थिर वस्तूच टिपायची असेल तर पिक्सेल शिफ्ट विसरू नये. सोनी ए७आर ४ सेन्सर अर्ध्या अर्ध्या पिक्सेलने सरकवत १६ छायाचित्रे घेतो आणि संगणकावर ती जोडून १९००८×१२६७२ पिक्सेलची, म्हणजे सुमारे २४० मेगापिक्सेलची प्रतिमा तयार करतो. ४८×३६ इंचांच्या चित्राला कागदावर इंचाला ३५२ पिक्सेल. लेन्स आणि विवर्तन यांच्या मर्यादा तशाच राहतात, त्यामुळे ३५२ मधले सगळे खरे तपशील नसतील. परंतु प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले गेल्यामुळे मॉयरेचे रंगीत पट्टे बव्हंशी नाहीसे होतात, आणि प्रतिकृतीच्या कामात ही गोष्ट मला पिक्सेलच्या संख्येहून मोलाची वाटते. हीच सोय १०२ मेगापिक्सेलच्या जीएफएक्समध्येही आहे; तिथे प्रतिमा ४०० मेगापिक्सेलची होते.

अट एकच: सोळाही छायाचित्रे होईपर्यंत काहीही हलता कामा नये. वरच्या मजल्यावरचा लाकडी तक्तपोशीचा दिवाणखाना असेल आणि कोणी शेजारून चालत गेले, तरी प्रतिमेत जाळीदार खुणा उमटतात. संग्राहकांच्या वाड्यात जाऊन काम करायचे असेल तर हे आधी तपासावे.

फाइलींचे ओझेही लक्षात घ्यावे. १६ बिटची टिफ फाइल ५१ मेगापिक्सेलला सुमारे ३०० मेगाबाइट, १०२ ला ६१० आणि १५१ ला ९०० च्या पुढे जाते. पोथीच्या दोनशे पानांना १०२ मेगापिक्सेलवर १२० गिगाबाइटहून अधिक जागा, आणि तीही दोन प्रतींत ठेवायची.

पोथीशाळा

पिक्सेल शिफ्टचा मुद्दा चित्रांसाठी मान्य आहे, पोथ्यांसाठी नाही. दर पानाला सोळा छायाचित्रे आणि नंतरची जोडणी यांत दिवसभरात होणाऱ्या पानांची संख्या फार घटते, आणि सुटे पान पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा थरथरते. शिवाय ७९२ पिक्सेल प्रति इंच एका छायाचित्रात मिळत असताना तिथे त्याची गरजही नाही.

माझे मत विचाराल तर, चित्रे आणि नकाशे हे कामाचा मोठा भाग असतील तर १०२ मेगापिक्सेलचा ४४×३३ घ्यावा. पोथ्याच जास्त असतील तर ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, चांगली १:१ मॅक्रो लेन्स आणि भक्कम कॉपी स्टँड यांवर पैसे घालावेत. जीएफएक्ससाठीची जीएफ १२० मिलिमीटर मॅक्रो उत्तम लेन्स आहे, पण ती स्वतःच्या बळावर सेन्सरवर वस्तूच्या निम्म्या आकारापर्यंतच जाते, त्यामुळे शिक्के, मुद्रा आणि कागदातील जलचिन्हे टिपायला वरून एक्स्टेन्शन ट्यूब लागते. ५१ मेगापिक्सेलचा मिडियम फॉरमॅट आपल्याला सुचवणार नाही. व्यक्तिचित्रणासाठी तो आजही सुंदर आहे, पण आपल्या हिशेबात तो फुल फ्रेमच्या पुढे कुठेच जात नाही.

पंचगंगाकाठ

आता चित्र स्पष्ट झाले. माझ्याकडील कामात साधारण दोन तृतीयांश वाटा चित्रांचा आहे, आणि संग्राहकांचा वाडा लाकडी तक्तपोशीचाच आहे, त्यामुळे पिक्सेल शिफ्टवर विसंबून राहता येणार नाही. १०२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आधी भाड्याने आणून एक मोठे चित्र आणि पोथीचे एक लाटांचे पान एफ/८, एफ/११ आणि एफ/१६ ला घेऊन पाहतो.

लाल दिवा

चित्राची चाचणी घेताना स्वाक्षरीचा कोपरा आणि बरोबर समोरचा तिरपा कोपरा या दोन्हींची १०० टक्के मोठी कात्रणे इथे लावावीत. मध्यभाग कोणत्याही लेन्सवर बरा येतो. आणि पोथीच्या पानावर काळ्या शाईपेक्षा हिंगुळाच्या तांबड्या अक्षरांची कड आधी तपासावी. बायर मांडणीत (पिक्सेलवरील रंगीत गाळण्यांच्या नेहमीच्या रचनेत) लाल गाळणीचे पिक्सेल चारांत एकच असतात, त्यामुळे कुठल्याही सेन्सरचा खरा कस तिथे लागतो.